प्रिंट काढलेल्या कागदी क्राफ्टला उठाव कसा आणायचा

नेटवरून डाउनलोड करून प्रिंट काढायचे क्राफ्ट आता सगळेच करतात. ग्रीटिंग असो, बारशाचं नावाचं तोरण असो, रुखवतातली छोटी घरं असोत किंवा दिवाळीच्या किल्ल्याशेजारी ठेवायचा कागदी शनिवारवाडा असो, कापलं, दुमडलं, चिकटवलं की होतं छानच, पण जवळून बघितलं की सपाट वाटतं. चित्रात लाकडाच्या रेषा असतात, दगड रंगवलेले असतात, पाकळीला शेडिंग असतं, आणि हात फिरवला की नुसता गुळगुळीत कागद. मग आपण काय करतो, पुण्यातल्या बोहरी आळीत जातो, कुंदन, मोती, चमकी, गोटापट्टी असं मूठ मूठ घेऊन येतो आणि जिथे जागा दिसेल तिथे लावत सुटतो, आणि शेवटी मूळ चित्रच दिसेनासं होतं.

मला मनापासून वाटतं की उठाव यायला सामान कमी लागतं, सावली जास्त लागते. कागद एक-दोन मिलिमीटर जरी वर आला आणि त्याची खरी सावली खालच्या कागदावर पडली की डोळ्याला लगेच खोली कळते, त्यासाठी चमकीची गरज नाही. म्हणून हे सगळं लिहिताना मी सावलीपासूनच सुरुवात करणार आहे, सामान नंतर.

प्रिंट हातात आली की कात्री लावायच्या आधी फक्त बघा की चित्रात उजेड कुठून आलाय. बहुतेक चित्रांत तो वरून आणि डावीकडून असतो, म्हणजे वस्तूची डावी बाजू फिकट आणि उजवी खालची बाजू गडद छापलेली असते. आता हेच चित्र तुम्ही घरात कुठे ठेवणार? शोकेसमध्ये वरून लाइट आहे का, भिंतीवर लावलं तर खिडकी कुठल्या बाजूला आहे, रुखवताच्या टेबलावर हॉलचे लाइट कुठून येणार. छापलेली सावली उजवीकडे आणि खरी सावली डावीकडे पडली तर कितीही मेहनत घ्या, काहीतरी चुकल्यासारखं दिसत राहतं आणि काय चुकलंय ते कळत पण नाही. जागा बदलता येत असेल तर जागा बदला, नाहीतर प्रिंट काढताना चित्र आडवं उलटं करून घ्या म्हणजे मिररवालं, पण त्यात अक्षरं असतील तर ती उलटी होतील हे लक्षात ठेवा.

दुसरं काम म्हणजे साध्या कागदावर एक ब्लॅक अँड व्हाइट रफ प्रिंट काढा आणि त्यावर पेन्सिलने १, २, ३ असे आकडे टाका. १ म्हणजे मागे राहणारं, आकाश, भिंत, बॅकग्राउंड. २ म्हणजे मधलं. ३ म्हणजे अगदी पुढे येणारं. आणि ३ नंबर एकाच गोष्टीला द्या, फार तर दोन. गणपतीचं चित्र असेल तर सोंड आणि आशीर्वादाचा हात, घर असेल तर दरवाजा, ग्रीटिंग असेल तर मधलं एक फूल. सगळंच पुढे आणलं तर काहीच पुढे आलेलं दिसत नाही. हा रफ कागद काम संपेपर्यंत समोर ठेवा, खरंच उपयोग होतो, कारण चिकटवायला लागलं की हात थांबत नाही.

कागद आणि प्रिंट

घरात असतो तो साधा झेरॉक्स पेपर ७५-८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तसा कागद जाड), तो थरांच्या कामाला फार लवकर वाकतो. १८० ते २५० जीएसएमचा कागद घ्या. त्याच्यापेक्षा जाड घेतला तर बारीक घड्या नीट पडत नाहीत आणि घरच्या प्रिंटरमध्ये अडकतो पण. घरचा प्रिंटर मागून कागद घेणारा असेल तर जाड कागद सोपा जातो, खालच्या ट्रेमधून वळून येणारा असेल तर जाड कागदाचं काम दुकानातून करून आणा. कॉलेजांच्या आसपास आणि अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला कलर झेरॉक्सवाले भरपूर आहेत, तिथे नुसतं "जाड पेपरवर काढा" सांगितलं तर बऱ्याचदा ग्लॉसी आर्ट पेपर मिळतो. त्या चकचकीत कागदावर ना पेन्सिल चालते ना फेविकॉल नीट धरतो, म्हणून मॅट पाहिजे असं आधीच सांगा. आयव्हरी, म्हणजे जाड कडक कार्डशीट, मिळाली तर फारच छान. आणि प्रिंटच्या सेटिंगमध्ये ॲक्च्युअल साइज म्हणजे १०० टक्के ठेवायला सांगा, फिट टू पेज केलं की दोन पानांवरचे भाग एकमेकांना जुळत नाहीत.

प्रिंट इंकजेट आहे की लेझर हे माहिती असणं फार गरजेचं आहे कारण पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. दुकानातली कलर प्रिंट बहुतेक वेळा लेझर असते, तिच्यावर पाणी पडलं तरी रंग पसरत नाही. घरच्या इंक टँकवाल्या प्रिंटरची, म्हणजे इंकजेटची, शाई मात्र पाण्याने फुटते. एका कोपऱ्यावर ओलं बोट घासून बघा, रंग बोटाला लागला तर त्या प्रिंटवर थेट फेविकॉल, वॉर्निश, ॲक्रिलिक काहीही ओलं लावू नका. आधी रात्रभर वाळू द्या आणि मग वरून क्लिअर लॅकर स्प्रे मारा, गच्चीवर किंवा बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून, साधारण एक फुटावरून, दोन-तीन हलके हात, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. एकदम भरपूर मारला तर स्प्रेनेच शाई फुटते.

लेझरचा वेगळा प्रॉब्लेम आहे. त्याचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकच असतं, कागदाच्या वर बसलेला पातळ थर, त्यामुळे गडद रंगाच्या भागात घडी घातली की टोनर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. त्यावर उपाय पुढे सांगते.

आणि एका डिझाइनच्या चार प्रती काढा. एक पाया, दोन थरांसाठी, एक गडबड झाली तर. थरांचं काम करणाऱ्यांना दुसरी प्रत लागतेच, त्यामुळे हा खर्च टाळू नका, बाकीचं सामान कमी आणा पाहिजे तर.

घडी आणि कडा

या दोन गोष्टींना कुणी सजावट म्हणत नाही, पण कागदी वस्तू सफाईदार दिसते की कच्ची दिसते ते इथेच ठरतं.

घडीसाठी संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी. रेषेवरून पट्टी धरून जरा दाबून एकदा रेघ मारायची, कागद कापला जाता कामा नये, नुसती खाच पडली पाहिजे. जी घडी बाहेर येणार, म्हणजे छापलेली बाजू बाहेर राहणार, तिची खाच छापलेल्या बाजूने पाडा. आत जाणाऱ्या घडीची खाच मागून. मागून पाडायची तर रेषा दिसत नाही, म्हणून रेषेच्या दोन्ही टोकांना टाचणीने बारीक भोक पाडा आणि मागून ती दोन भोकं जोडा. खाच बोथट टोकाने पाडली तर लेझरचा टोनर पण कमी तडकतो, कटरच्या पात्याने पाडली तर हमखास उकलतो. शिवाय कागदाला धागा असतो, एका दिशेने तो सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने अडतो. कोरा कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, लगेच हाताला कळतं. लांब घड्या आणि गोल नळ्या सहज वाकणाऱ्या दिशेने येतील अशी प्रिंट काढता आली तर काढा, बुरूज गोल करताना याचा खूप फरक पडतो, नाहीतर त्याला बारीक बारीक कोन पडत जातात.

आता कडा. छापलेला कागद कापला की कडेला पांढरी रेघ दिसते आणि तीच रेघ ओरडून सांगते की हा कागद आहे. त्याच रंगाचं स्केचपेन घ्या आणि कड आडवी धरून पेनची बाजू तिच्यावरून फिरवा, टोक नाही, बाजू. टोकाने केलं तर रंग पुढच्या बाजूवर येतो. तपकिरी, राखाडी आणि काळा असे तीन पेन असले तरी ऐंशी टक्के काम भागतं. दगड, माती, लाकूड याच्या कडा जरा मुद्दाम खराब करायच्या असतील तर २२० नंबरचा पॉलिश पेपर कडेवरून एका दिशेने घासा आणि मग रंग लावा, घासलेल्या जागी रंग जास्त शोषला जातो आणि झिजल्यासारखं दिसतं. घड्यांवर तडकलेल्या पांढऱ्या रेषा पण ह्याच पेनांनी झाकायच्या.

थर

थर चढवायला सगळ्यात सोपी म्हणजे फोम टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, बाजारात ती एक, दोन, तीन मिलिमीटर अशा जाडीत मिळते. दुसऱ्या प्रतीतून तुम्ही २ नंबर दिलेला भाग कापा आणि पहिल्या प्रतीवर बरोबर त्याच जागी फोम टेपने लावा. तिसऱ्या प्रतीतून ३ नंबरचा भाग कापून त्याच्यावर. खालची प्रत शाबूत असल्यामुळे जरा इकडे तिकडे झालं तरी पांढरं दिसत नाही. टेपचे तुकडे कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत ठेवा नाहीतर बाजूने बघितलं की पांढरा फोम दिसतो. आणि टेपचा एकच मोठा तुकडा मधोमध लावला तर कडा खाली झुकतात, म्हणून छोटे छोटे तुकडे चारी बाजूंना.

पण सगळे थर सपाटच राहिले तर ते एकावर एक ठेवलेल्या पत्त्यांसारखे दिसतात. म्हणून लावायच्या आधी प्रत्येक तुकड्याला बाक द्या. पाकळी, पान, गणपतीचा कान, पदर, ढग, असं काहीही असलं तरी चार घड्या घातलेल्या नॅपकिनवर छापलेली बाजू खाली ठेवून मागून चमच्याच्या पाठीने गोल गोल दाबत फिरवा. कागद हळूहळू वाटीसारखा होतो. मध्यावर फोम टेपचे दोन थर आणि कडेला काहीच नाही असं लावलं तर पोट फुगीर होतं आणि कडा खाली टेकतात, उंदराचं अंग, मोदक, कलश यांना हे फार शोभतं. पानाला मध्ये खाच पाडून अर्ध दुमडा आणि उघडा, तेवढ्याने पान जिवंत होतं.

फोम टेप कमी पडली तर कुरियरच्या खोक्याचे तुकडे चालतात, जास्त उंची हवी असेल तर सनबोर्ड म्हणजे फोमचा कडक बोर्ड, तो तीन आणि पाच मिलिमीटरचा मिळतो आणि कटरने छान कापला जातो. बाक दिलेल्या तुकड्याखाली फोम टेप बसत नाही, तिथे पारदर्शक सिलिकॉनचा ठिपका टाका, काच बसवणारे वापरतात तो. तो दाट असतो त्यामुळे तुकडा त्याच्यावर टेकवून हवा तसा तिरका करता येतो. वास उग्र येतो, खिडकी उघडी ठेवा, आणि पूर्ण सुकायला एक दिवस द्या.

पोत: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घेऊन सांगते

पोत आणायच्या जवळपास सगळ्या पद्धती एका वस्तूत बघायच्या असतील तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचं मॉडेल घ्या. खरा दरवाजा बघून आलात तर उत्तम, आपल्याला कुठे लांब जायचंय. १७३२ साली वाड्याची वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, आज उभी आहे ती तटबंदी, बुरूज आणि दरवाजे. तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा, दारं लाकडाची आणि त्यावर लोखंडी अणकुचीदार खिळे, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. वर नगारखाना. म्हणजे दगड, वीट, लाकूड, लोखंड असे चार पोत एका जागी आणि चौघांना वेगळी वागणूक पाहिजे.

दगडासाठी मी रांगोळी वापरते. पांढरी ॲक्रिलिक, त्यात काळ्याचा थेंब टाकून राखाडी करा, थोडा फेविकॉल आणि पोहे खायचा चमचा भरून रांगोळी मिसळा. हे जाडसर मिश्रण सुक्या ब्रशने किंवा स्पंजच्या तुकड्याने छापलेल्या दगडांवर ठोकत लावायचं, प्रत्येक दगडाच्या मध्यावर जास्त आणि सांध्यांवर अजिबात नाही, म्हणजे छापलेले सांधे आपोआप खोल दिसतात. पूर्ण दगड झाकू नका, खालची छपाई मधून मधून दिसली पाहिजे, ती शेडिंग आपल्या कामाचीच आहे. वाळल्यावर एकदम फिकट राखाडी रंग ब्रशवर घ्या, तो कागदावर पुसून पुसून जवळजवळ संपवा आणि कोरडाच ब्रश वरून हलका फिरवा. फक्त वर आलेल्या कणांना रंग लागतो आणि भिंत खरखरीत दिसायला लागते. काही जण दगडासाठी रवा लावतात, कृपया नको, पावसाळ्यात त्याला किडे लागतात, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं.

विटांना असं काही लावू नका. दगडाशेजारी वीट गुळगुळीतच बरी वाटते, तिला फक्त दाबून पोत द्यायचा. रंगकामाच्या आधीच, कोरड्या प्रिंटवर, खाली मऊ रबरी मॅट किंवा फोम शीट ठेवून संपलेल्या बॉलपेनने विटांमधल्या सांध्यांवरून रेघा मारा. रेघ खाली जाते आणि वीट वर येते. एवढंच. पाच-सहा विटा मात्र दुसऱ्या प्रतीतून कापून त्याच जागी नुसत्या डिंकाने चिकटवा, कागदाच्या जाडीएवढ्याच वर येतील, आणि त्या एका ओळीत घेऊ नका, विखुरलेल्या घ्या.

लाकडाच्या दाराला वेगळा कागद. दार दुसऱ्या प्रतीतून कापा, मागे जाड पुठ्ठा लावा आणि सुईने छापलेल्या रेषांवरून ओरखडे काढा, वरून खाली, पूर्ण लांबीचे, मध्येच थांबू नका कारण लाकडाचा धागा असा मध्येच संपत नाही. सुईने छपाई खरवडली जाऊन पांढरा कागद दिसेल, त्यावर पातळ तपकिरी ॲक्रिलिकचा हात देऊन लगेच कापडाने पुसा, रंग ओरखड्यांत राहतो आणि वरून निघून जातो. हे लेझर प्रिंटवरच थेट करा, इंकजेटला आधी स्प्रे. दार चौकटीत थेट चिकटवू नका. चौकट फोम टेपवर दोन मिलिमीटर वर घ्या आणि दार खालच्या थरावर ठेवा, म्हणजे ते आत गेलेलं दिसेल आणि कमानीची सावली दारावर पडेल. पूर्ण मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त परिणाम ह्या एका सावलीचा होतो.

आता खिळे, माझं सगळ्यात आवडतं काम. थ्रीडी आउटलायनरची, म्हणजे उठून दिसणाऱ्या जाड रंगाची, ट्यूब मिळते ती काळी किंवा तपकिरी घ्या. दारावर पेन्सिलने ओळीत ठिपके मारून घ्या, ओळी सरळ आल्या नाहीत तर पुढचं सगळं वाया. मग ट्यूबचं तोंड ठिपक्यावर कागदाला जवळजवळ टेकवा, हलकं दाबा, मिरीएवढा गोळा आला की दाब सोडा, आणि दाब सोडल्यानंतरच ट्यूब सरळ वर उचला. गोळ्याला आपोआप टोक येतं. दाबत दाबत उचललं तर शेपूट लोंबतं, तिरकं उचललं तर खिळा वाकतो. दार आडवंच ठेवा, रात्रभर हात लावू नका. वरून सुकलेलं दिसतं पण आत ओलं असतं आणि टोक बोटाने दबतं. दुसऱ्या दिवशी ६बी पेन्सिलचं शिसं कागदावर घासून त्याची पूड करा, बोटाला लावा आणि खिळ्यांच्या टोकांवरून हलकं फिरवा. काळ्यावर ती राखाडी झाक आली की हुबेहूब जुनं लोखंड दिसतं. चंदेरी रंगाने हे होत नाही, तो फार चकाकतो आणि सगळं खेळण्यासारखं दिसायला लागतं.

मॉडेल वाड्याचं नसून कोकणातल्या घराचं असेल तर कौलांसाठी खोक्याचा पुठ्ठा घ्या, वरचा एक कागद ओल्या स्पंजने भिजवून सोलून काढा, आतल्या नाळ्या उघड्या पडतात. वाळल्यावर छपराच्या मापाने पट्ट्या कापून खालून वर एकावर एक चढवत जा आणि विटकरी रंग द्या.

कापड, जरी आणि चमक

रुखवतातल्या कागदी बाहुल्यांना, हळदीकुंकवाच्या पाकिटांना कापड फार खुलतं. खणाचे, पैठणीच्या काठाचे उरलेले तुकडे शिंप्याकडे किंवा घरातच असतात. कापड थेट कापून लावलं की कडेचे धागे सुटतात, म्हणून आधी मागच्या बाजूने फेविकॉलचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्या, मग ते कागदासारखं कापता येतं. छापलेल्या साडीचं पूर्ण कापड बदलू नका, फक्त काठ खऱ्या कापडाचा करा आणि बाकी साडी छापलेलीच ठेवा. डोळा काठावर जातो आणि उरलेली साडी पण खरी समजून घेतो.

कुंदन, मोती, टिकल्या लावायच्याच असतील तर जिथे चित्रात दागिना आहे तिथेच लावा. मुकुट, बाजूबंद, नथ. बॅकग्राउंडला नाही. चिमट्याने किंवा काडीच्या टोकाला ओलं बोट लावून उचला. जड काही लावणार असाल तर मागून पुठ्ठा हवाच.

सोनेरी अक्षरांसाठी एक फार छान युक्ती आहे. लेझरचा टोनर गरम झाला की चिकट होतो, त्याच्यावर टोनर फॉइल म्हणजे सोनेरी थराची पातळ फिल्म ठेवून लॅमिनेटरमधून काढली की फक्त छापलेल्या जागी सोनेरी चिकटते. लॅमिनेटर नसेल तर इस्त्री मध्यम गरम, वाफ बंद, फॉइलवर बटर पेपर आणि दाबून धरायची, घासायची नाही. पूर्ण गार झाल्यावरच फॉइल सोला. ह्याच्यासाठी फक्त काळी अक्षरं असलेली वेगळी प्रिंट काढा कारण टोनर जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे सोनं चढतं. इंकजेटवर हे होत नाही. एम्बॉसिंग पावडर, म्हणजे तापवली की वितळून उठाव देणारी पूड, वापरणाऱ्यांनी हीट गनच घ्यावी, हेअर ड्रायर तेवढा तापत नाही आणि त्याच्या वाऱ्याने पावडर उडून जाते.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद मिळाला तर बॅकग्राउंडला जरूर वापरा, त्याचा स्वतःचा पोत इतका सुंदर असतो की त्यावर वेगळं काही करावं लागत नाही. पाकळ्या, धागे घातलेला कागद मात्र प्रिंटरमध्ये घालू नका, त्याचे कण आत अडकतात. प्रिंट वेगळी काढा, कापा आणि त्याच्यावर लावा.

आकाशकंदील असेल तर सगळं उलटं

वर लिहिलेलं सगळं बाहेरून उजेड पडणाऱ्या वस्तूंसाठी आहे. कंदिलात उजेड आतून येतो, त्यामुळे फोम टेप, कुंदन, रांगोळीचा पोत, हे रात्री नुसते काळे डाग दिसतात. कंदिलाला उठाव द्यायचा तर कागद कुठे पातळ आणि कुठे जाड ते ठरवायचं. डिझाइनमधला जो भाग उजळ हवा तो कापून काढा आणि मागून ट्रेसिंग पेपर किंवा पतंगाचा कागद लावा. मधला उजेड हवा तिथे छापलेला एकच थर. गडद हवं तिथे मागून दुसरा कागद. दोन रंगांचे पतंगाचे कागद अर्धे अर्धे एकमेकांवर आले की तिसरा रंग मिळतो, पिवळ्यावर लाल टाकून बघा. आणि टाचणीची भोकं विसरू नका, वेलीच्या रेषेवर दोन-दोन मिलिमीटरवर भोकं पाडत गेलात, जाड सुई, खाली फोम, छापलेल्या बाजूने आत, तर रात्री ती वेल ठिपक्यांची होऊन चमकते आणि दिवसा तिचा खरखरीत पोत हाताला लागतो. झिरमिळ्यांसाठी भाजी बारीक चिरायची पाच पात्यांची कात्री तुळशीबागेत मिळते, एका फटक्यात पाच पट्ट्या. आतमध्ये एलईडीच लावा, जुना गरम होणारा बल्ब नको, कागद आहे.

ओलावा, चिकटवणं आणि नेणं-आणणं

गणपतीचं काम आपण करतो ते नेमकं पावसाळ्यात, पुण्यात तेव्हा हवा इतकी दमट असते की सकाळी सरळ असलेला कागद संध्याकाळी वळलेला असतो. कागद आणल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा, बुटांच्या खोक्यात, औषधाच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असं बघा. मोठ्या सपाट भागाला फेविकॉल लावू नका, त्यातल्या पाण्याने कागद फुगून लाटा येतात, तिथे डबल साइडेड टेप किंवा ग्लू स्टिक. फेविकॉल फक्त छोट्या पट्ट्यांना, तो पण जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळ ओढून. चिकटवल्यावर पाठकोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा, अर्थात थर चढवायच्या आधी. म्हणजे पाया आधी दाबून सरळ करायचा आणि उठावाचं काम शेवटी, हा क्रम बदलू नका.

डिझाइन विकत घेतलेलं किंवा फुकट मिळालेलं असलं तरी त्याच्या फाइलमध्ये वापराच्या अटी असतात, त्या वाचा. घरच्या वापराला चालणारं डिझाइन प्रदर्शनात विकायला चालतंच असं नाही, त्याची वेगळी परवानगी लागते.

तयार वस्तू नेताना मिठाईचं खोकं किंवा केकचा बॉक्स घ्या, वस्तूपेक्षा निदान दोन बोटं उंच. तळाला डबल साइडेड टेपचे दोन तुकडे लावून वस्तूचा पाया त्यावर टेकवा, वरून कागद कोंबून भरू नका, त्यानेच पाकळ्या मोडतात. टू-व्हीलरवर नेत असाल तर डिकीत ठेवू नका, डिकी गरम होते आणि ग्लू गनने लावलेलं सगळं सुटतं, मागे बसणाऱ्याच्या मांडीवर द्या, आणि खिळ्यांचं दार आदल्या रात्री केलं असेल तर ते सुट्टंच वेगळ्या डबीत न्या आणि जागेवर पोचल्यावर बसवा.